धाप छातीत, सूज पायांवर: सीओपीडी रक्तवाहिन्यांपर्यंत कसा पोचतो

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरांत जानेवारीत आजोबांचे पाय सुजले की पहिला संशय किडनीवर जातो, दुसरा मिठावर. लोणचं-पापड बंद होतात, क्रिएटिनिन तपासून आणलं जातं, ते ठीक निघतं आणि घरचे निर्धास्त होतात. आजोबांचा खोकला जुना आहे, श्वासातून औषध घ्यायचा पंप चालू आहे, जिन्यात दोनदा थांबावं लागतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या छातीचा या पायांशी काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात येत नाही. छातीची फाईल एका पिशवीत, बीपी आणि हृदयाची दुसरीत. डॉक्टरही दोन. दोन्ही फाइली एकाच टेबलावर उघडल्या जाण्याचा योग फार क्वचित येतो.

मला इथे सांगायचं आहे ते या दोन पिशव्यांबद्दल. सीओपीडी (क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज) हा हवेच्या नळ्यांचा आजार आहे तितकाच तो रक्तवाहिन्यांचाही आहे. सुजलेले पाय, निळसर ओठ, छातीच्या संसर्गानंतर आठवड्याच्या आत आलेला हार्ट अटॅक, हे सगळं या दुसऱ्या बाजूनं येतं. आणि तिकडे लक्ष जातं ते बहुतेक वेळा उशिरा.

आजाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. वर्षानुवर्षांच्या धुरानं आणि धुळीनं श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, आणि टोकाला असलेल्या वायुकोशांच्या भिंती विरून जातात. दम्यात नळ्या आकसतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. इथे पुरत्या मोकळ्या कधीच होत नाहीत. निदान स्पायरोमेट्रीनं होतं: औषधाचा पंप घेतल्यावर जोरानं फुंकायचं, आणि एकूण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर पडली तर नळ्यांत अडथळा आहे असं समजायचं. एक्स-रे पाहून किंवा नुसता स्टेथोस्कोप लावून केलेलं निदान अर्धवट असतं. बिडी-सिगारेट हे मोठं कारण खरंच, पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, बिडीला हातही न लावलेल्या आज्यांनाही हा आजार होतो. आमच्या भागात त्यात दगडाच्या खाणींची आणि कटाईची धूळ आहे. बिर्लानगरच्या कापडगिरणीत रुईच्या धुरळ्यात नोकरी काढलेली पिढीही आहे. जगभरच्या आजारांची मोजदाद करणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीझ’च्या २०१९च्या हिशेबात भारतातल्या मृत्यूंच्या कारणांत हृदयविकारानंतर दुसरा क्रमांक सीओपीडीचा होता. हे दोन शेजारी एकमेकांना चांगले ओळखतात, हे पुढे दिसेलच.

फुप्फुसातलं रक्त

शरीरातलं सगळं रक्त फुप्फुसातून जातं. मेंदूकडे थोडं, किडनीकडे थोडं, पण फुप्फुसाकडे सगळं. मिनिटाला सुमारे ५ लिटर. एवढं रक्त तिथून जातं तरी दाब अगदी कमी असतो. दंडाचं बीपी १२०/८० असतं, तेव्हा निरोगी माणसाच्या फुप्फुसाच्या धमनीतला दाब साधारण २५/१० असतो, सरासरी १४च्या आसपास. कारण पुढे केशवाहिन्यांचं जाळं अफाट पसरलेलं असतं: ३० ते ५० कोटी वायुकोश, आणि प्रत्येकाभोवती रक्ताचं पातळ अस्तर. इतक्या हलक्या कामासाठी निसर्गानं हृदयाचा उजवा कप्पाही हलकाच दिलेला आहे. त्याची भिंत तीन ते पाच मिलिमीटर जाड. डाव्या कप्प्याची त्याच्या दुप्पट-तिप्पट.

आता सीओपीडी या व्यवस्थेचं काय करतो ते पाहू.

फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांना एक विलक्षण सवय आहे. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात, तिकडे जास्त रक्त जावं म्हणून. फुप्फुसात उलटं होतं: ज्या भागात हवा पोचत नाही, तिथली रक्तवाहिनी आकसते. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर आणि गोरान लिलियेस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. (फॉन ऑयलर यांना १९७०चं नोबेल मिळालं ते मात्र मज्जातंतूंमधल्या रासायनिक निरोपांवरच्या कामासाठी.) शेतात दारं धरणारा माणूस हेच करतो. ज्या वाफ्यात पीकच नाही त्याचं दार मातीनं बुजवतो आणि पाणी पुढच्या वाफ्याला लावतो. न्यूमोनियात फुप्फुसाचा एक तुकडा निकामी झाला तर ही युक्ती जीव वाचवते. रक्त फुकट फेरी मारत नाही. पण सीओपीडीत हवा कमी पोचते ती जवळजवळ सगळ्याच वाफ्यांत. एकेक करून सगळीकडची दारं बुजत जातात, आणि पाणी तर मागून येतच असतं. पाटातला दाब वाढणार नाही तर काय होईल?

सुरुवातीला हे आकसणं तात्पुरतं असतं. ऑक्सिजन मिळाला की वाहिन्या सैलावतात. वर्षं गेली की त्यांच्या भिंतीतले स्नायू जाड होतात, आतलं अस्तर सुजतं, पोकळी कायमची अरुंद होते. धुराचा त्या अस्तरावर थेट परिणामही होतो. ऑक्सिजन अजून बऱ्यापैकी असलेल्या बिडीबाजांच्या वाहिन्यांतही हे बदल दिसतात. त्यात वायुकोशांच्या भिंती विरल्या की भिंतींमधल्या केशवाहिन्याही जातात. रस्ते कमी, उरलेले अरुंद, आणि त्यातून जाणारं रक्त दाट. ते दाट का होतं, ते पुढे येईल.

फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब २० मिलिमीटरच्या (बीपीसारखाच, पाऱ्याच्या मापानं) वर गेला की त्याला पल्मोनरी हायपरटेन्शन म्हणतात. पूर्वी ही रेघ २५ वर होती. २०१८च्या जागतिक परिषदेत ती खाली आणली गेली. दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या बीपीशी याचा संबंध नाही. ते १२० असूनही हे वाढलेलं असू शकतं, आणि बीपीच्या गोळीनं हे उतरत नाही. बहुतेक सीओपीडी रुग्णांत वाढ सौम्य ते मध्यम असते, पण ती एका जागी थांबलेली नसते. झोपेत ऑक्सिजन उतरतो तेव्हा दाब चढतो, बाजारातून चालत घरी येताना चढतो, छातीत संसर्ग झाला की आणखी चढतो. थोड्या रुग्णांत दाब फारच जास्त सापडतो. अशा वेळी सगळं खापर सीओपीडीवर फोडून चालत नाही. जुन्या गुठळ्या आहेत का, घोरण्याबरोबर झोपेत श्वास थांबतो का, हृदयाची डावी बाजू कमकुवत आहे का, हे शोधावं लागतं.

उजव्या कप्प्यावर हा भार रोज पडला की आधी त्याची भिंत जाड होते, मग तो फुगतो, मग दमतो. पुढे ढकललं न जाणारं रक्त मागे तुंबतं. मानेच्या शिरा बसल्या बसल्या फुगलेल्या दिसतात, यकृत सुजून उजव्या बरगडीखाली जड वाटतं, भूक मरते, आणि पायांवर सूज येते. नडगीवर अंगठा दाबून ठेवला तर खळगा पडतो आणि तो लगेच भरत नाही. आजोबांच्या पायांचा आणि छातीचा संबंध तो हा.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे उगाच घबराट नको: अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी घेणाऱ्या अनेकांचे पाय केवळ त्या गोळीनं सुजतात. म्हणून सूज दिसली की आधी औषधांची यादी पाहावी. लघवी वाढवणाऱ्या गोळीनं सूज उतरते, बरंही वाटतं, पण ती तुंबलेलं पाणी काढते. दार उघडत नाही.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर रिपोर्टात फुप्फुसाच्या धमनीतल्या दाबाचा एक आकडा लिहून येतो. तो अंदाज असतो, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. सीओपीडीत छाती हवेनं फुगलेली असते आणि हवेतून सोनोग्राफीच्या लहरी नीट जात नाहीत, त्यामुळे अंदाज आणखी ढिला पडतो. त्या एका आकड्यापेक्षा उजवा कप्पा किती मोठा झाला आहे आणि कसा चालतो, या ओळी जास्त बोलक्या असतात. सीटी स्कॅन आधीच झाला असेल तर त्यातही एक खूण मिळते: फुप्फुसाची मुख्य धमनी शेजारच्या महाधमनीपेक्षा रुंद दिसली, तर अशा रुग्णांना पुढे वारंवार दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचा धोका जास्त असतो. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

मग या दाबावर गोळी नाही का? सिल्डेनाफिलसारखी औषधं आहेत, दुसऱ्या प्रकारच्या पल्मोनरी हायपरटेन्शनमध्ये त्यांचा उपयोगही होतो. सीओपीडीत ती सरसकट देत नाहीत. कारण वर सांगितलेल्या युक्तीतच आहे: औषध सगळीच दारं मोकळी करतं, हवा न पोचणाऱ्या वाफ्यांचीसुद्धा, आणि रक्त तिथून ऑक्सिजन न घेताच परत येतं. दाब थोडा उतरतो, ओठ मात्र जास्त निळे पडतात. कुणाला तीव्र त्रास असेल तर या आजाराच्या खास केंद्रातल्या डॉक्टरांनी ठरवायचं. शेजाऱ्याला दिली म्हणून आपणही घ्यावी अशी ही गोळी नाही.

ऑक्सिजन: किती, किती तास आणि कुणाला

या आजाराच्या रक्तवाहिन्यांच्या बाजूवर सर्वांत भक्कम पुरावा असलेलं औषध म्हणजे ऑक्सिजन, आणि त्याच्याबद्दलच घराघरांत सर्वांत जास्त गोंधळ आहे.

१९८०-८१ मध्ये दोन अभ्यास झाले आणि आजही सगळे नियम त्यांच्यावरच उभे आहेत. अमेरिकेत २०३ रुग्णांपैकी अर्ध्यांना फक्त रात्री, तर अर्ध्यांना जवळजवळ दिवसरात्र ऑक्सिजन दिला. फक्त रात्री घेणाऱ्यांत मृत्यू जवळजवळ दुप्पट झाले. ब्रिटनमध्ये ८७ रुग्ण होते. रोज १५ तास ऑक्सिजन मिळालेल्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ दगावले. न मिळालेल्या ४५ पैकी ३०. ऑक्सिजन मिळाला की आकसलेल्या वाहिन्या सैलावतात, दाबाची चढती कमान मंदावते, रक्ताचा दाटपणा कमी होतो.

पण हे सगळे रुग्ण फार कमी ऑक्सिजन असलेले होते. म्हणून घरी ऑक्सिजन द्यायचा नियम असा आहे: मनगटाच्या धमनीतून घेतलेल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ५५ मिलिमीटर किंवा कमी, किंवा ऑक्सिमीटरवर ८८ टक्के किंवा कमी, तेही आजार स्थिर असताना आणि काही आठवड्यांच्या अंतरानं दोनदा तपासून. पाय सुजलेले असतील, उजव्या कप्प्यावर ताण असेल किंवा रक्त फार दाट झालं असेल तर ५६ ते ५९ पर्यंतही देतात. त्याहून बरा आकडा असलेल्यांचं काय, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. २०१६ मध्ये ७३८ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासानं उत्तर दिलं: बसल्या जागी ८९ ते ९३ टक्के असलेल्यांना घरच्या ऑक्सिजननं ना आयुष्य वाढलं, ना दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. कोरोनाच्या काळात घेतलेली ऑक्सिजनची मशीन कोपऱ्यात आहे म्हणून काकूंना ‘थोडा वेळ लावून’ बसवण्यात अर्थ नाही. आणि ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी दिवसातून दोन तास लावून भागत नाही. १५ तास म्हणजे झोपेचा सगळा वेळ, शिवाय जेवताना, टीव्ही पाहताना, पूजेला बसतानाही. फक्त पूजेला बसताना निरांजन आणि उदबत्ती दूर.

जास्त ऑक्सिजन हाही धोका आहे, हे मात्र लोकांना पटता पटत नाही. काही रुग्णांत कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) शरीरात साठलेला असतो. त्यांना भसाभस ऑक्सिजन दिला की बुजलेली दारं उघडतात, रक्त पुन्हा वायाच्या भागांत फिरतं, कर्बवायू आणखी चढतो, माणूस गुंगतो. घरच्यांना वाटतं, चला, बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या ४०५ रुग्णांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: ऑक्सिजन मोजून ८८ ते ९२ टक्क्यांदरम्यान ठेवला, तेव्हा मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. म्हणून सीओपीडीच्या माणसाचं ९० पाहून मशीनची चकती पाचावर नेऊ नये. डॉक्टरांनी एक किंवा दोन लिटर सांगितले असतील तर तेवढेच.

ऑक्सिमीटर वापरायचा तर थोडी शिस्त हवी. आमच्याकडच्या थंडीत बोटं गार पडलेली असतात आणि गार बोटावर तो काहीही दाखवतो. हात चोळून गरम करावेत, पाच-दहा मिनिटं बसावं, मग लावावा, आकडा स्थिरावू द्यावा. नेलपॉलिश नको. सावळ्या त्वचेवर ही उपकरणं प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात, हे २०२०च्या सुमारास पुन्हा ठळकपणे समोर आलं. म्हणून ९० आणि ८८ यांच्यात फार कीस काढू नये, शंका असेल तर धमनीतलं रक्त तपासावं.

आणि सिगडी. ग्वाल्हेरचा हिवाळा ज्यांनी काढला आहे त्यांना बंद खोलीत कोळशाची सिगडी घेऊन झोपण्याचा मोह कळेल. त्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. ऑक्सिमीटरला हा फरक ओळखता येत नाही. तो बिनदिक्कत ९८ दाखवतो आणि आतलं हृदय उपाशी असतं. बिडी ओढल्यावर लगेच घेतलेला आकडा याच कारणानं फसवा असतो. शिवाय ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत सिगडी, बिडी, गॅसची शेगडी यांपैकी काहीही म्हणजे आगीला आमंत्रण. नाकातल्या नळीसकट चेहरा भाजलेले रुग्ण भाजलेल्यांच्या वॉर्डात येतात.

मशीन विजेवर चालते. वीज जाते तेवढ्या वेळेसाठी भरलेला सिलिंडर घरात हवा.

दाट रक्त आणि गुठळ्या

‘हिमोग्लोबिन तर अठरा आहे, डॉक्टरसाहेब!’ हे मोठ्या समाधानानं सांगितलं जातं. सीओपीडीत हा आकडा आनंदाचा नसतो. ऑक्सिजन सतत कमी असला की किडनी हाडांतल्या मगजाला तांबड्या पेशी वाढवायचा निरोप देते. पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं, आणि आधीच अरुंद झालेल्या वाहिन्यांतून ते ढकलणं उजव्या कप्प्याला आणखी जड जातं. डोकं जड राहणं, डोळे लालसर, तोंड काळपट-लाल. अशा माणसाला कुणी लोहाचं टॉनिक देऊ नये. इलाज पुन्हा ऑक्सिजनच, आणि धूम्रपान बंद. क्वचित रक्त काढावंही लागतं.

फुप्फुसात गुठळी अडकणं ही जास्त धोक्याची गोष्ट, कारण ती वेश बदलून येते. थंडीत आजार उसळला की माणूस आठवडाभर रजईत पडून राहतो, लघवीला उठावं लागू नये म्हणून पाणी कमी पितो, शरीरात संसर्गाची आग असते, रक्त दाट असतं. पायाच्या खोल शिरेत गुठळी धरायला एवढं पुरतं. ती सुटून फुप्फुसात गेली की धाप वाढते. पण धाप तर आधीपासूनच आहे! सगळे म्हणतात, सीओपीडी वाढला. वाफारे वाढवले जातात. फ्रान्समधल्या सात रुग्णालयांत, श्वासाचा त्रास वाढून भरती झालेल्या सीओपीडीच्या ७४० रुग्णांची पद्धतशीर तपासणी केली तेव्हा ५.९ टक्क्यांत फुप्फुसातली गुठळी सापडली. २०२१ची ही आकडेवारी. म्हणून प्रत्येकाचा सीटी करावा का? त्याच वर्षी स्पेनमधल्या अभ्यासात सगळ्यांची अशी शोधमोहीम काढून पाहिली, रुग्णांचा एकंदर फायदा काही दिसला नाही. तेव्हा शंका कुठे घ्यायची हे कळणं महत्त्वाचं. कफ वाढलेला नाही, रंग बदललेला नाही, ताप नाही, तरी धाप एकाएकी वाढली, एकच पाय सुजून पोटरी दुखते, श्वास आत घेताना बरगडीत टोचतं, थुंकीत रक्त, चक्कर येऊन पडणं. यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावं की गुठळी तर नसेल? डी-डायमर ही रक्तचाचणी नॉर्मल आली तर मोठा दिलासा मिळतो. ती वाढलेली आली म्हणून मात्र गुठळीच आहे असं नाही, साध्या संसर्गातही ती वाढते.

डाव्या बाजूचा हिशेब

आतापर्यंत हृदयाच्या उजव्या बाजूबद्दल बोललो. पण सौम्य-मध्यम सीओपीडी असलेल्या पुष्कळ माणसांचा जीव श्वास कोंडून जात नाही. तो हार्ट अटॅकनं किंवा लकव्यानं जातो. याचं निम्मं उत्तर सोपं आहे: बिडी दोन्हीकडे लागते. उरलेलं असं, की फुप्फुसातली जळजळ फुप्फुसात थांबत नाही. दाहाचे पदार्थ रक्तात उतरतात, धमन्यांचं अस्तर बिघडवतात, रक्ताला गोठण्याकडे झुकवतात, धमन्या कडक होतात. आणि छातीत हवा अडकून फुगली की मधल्या हृदयाला पसरायला जागाच कमी पडते, ते पूर्ण भरत नाही. नियमित पंपानं अडकलेली हवा सुटते तेव्हा हृदयाचं भरणंही सुधारतं, हे दाखवलं गेलं आहे. माझ्या मते पंप न चुकवण्याचं हे एक कारण रुग्णांना सांगायलाच हवं. ‘सवय लागेल’ म्हणून पंप टाळणाऱ्यांना निदान हृदयाचा धाक तरी वाटेल.

धोका सर्वांत जास्त असतो तो आजार उसळल्यानंतरच्या दिवसांत. ब्रिटनमधल्या नोंदींच्या २०१०च्या अभ्यासात पहिल्या ते पाचव्या दिवसांत हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून अधिक आढळला. लकव्याचा धोकाही काही आठवडे वाढलेला होता. त्या आठवड्यात छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, दरदरून घाम, हे ‘खोकून खोकून दुखतंय’ यात जमा करू नये. ईसीजी काढावा. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस यासाठीही घ्यायची. एक उसळी टळली की हे दिवसही टळतात.

दोन पिशव्यांतल्या फाइलींचा सर्वांत मोठा घोटाळा औषधांत होतो. हार्ट अटॅकनंतर किंवा हृदय कमकुवत असताना बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि ताण कमी करणारी गोळी, जीव वाचवते, पण ‘छातीचा रुग्ण आहे’ म्हणून ती दिलीच जात नाही किंवा कुणीतरी बंद करतं. बिसोप्रोलोल, मेटोप्रोलोल या गोळ्या मुख्यतः हृदयावर काम करतात आणि सीओपीडीत बहुतेकांना चालतात. हृदयाचं कारण नसताना केवळ सीओपीडीसाठी मात्र त्या द्यायच्या नाहीत. २०१९च्या अभ्यासात मेटोप्रोलोलनं अशा रुग्णांचा फायदा तर झाला नाहीच, उलट भरती व्हावं लागेल असा त्रास वाढला. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीचंही तसंच: हृदयासाठी हवी तर जरूर, खोकल्यासाठी नाही. प्रोप्रानोलोल ही कापऱ्यासाठी, अर्धशिशीसाठी दिली जाणारी गोळी नळ्याही आकसवते. आणि काचबिंदूसाठी रोज डोळ्यात घालायचे टिमोलोलचे थेंब! तेही बीटा-ब्लॉकरच. थेंब डोळ्यांतून नाकात, तिथून रक्तात उतरतात आणि धाप वाढवू शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना पंपाबद्दल सांगायचं कुणाला सुचतच नाही.

थिओफिलीनच्या गोळ्या आमच्याकडे अजून सर्रास चालतात. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक जोडीला आलं की रक्तातलं तिचं प्रमाण चढतं. बिडी सोडली तरी चढतं, कारण धुरानं ती लवकर जिरत होती. मळमळ, हाताला कंप, छातीत धडधड सुरू झाली तर डॉक्टरांना कळवावं. सीओपीडीत हृदयाचे ठोके अनियमित होण्याकडे कल असतोच, आणि अनियमित ठोक्यांतून हृदयात धरलेली गुठळी मेंदूकडे जाऊ शकते.

पायांच्या धमन्याही अरुंद होतात. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. पण धाप लागून माणूस आधीच थांबत असेल तर हे दुखणं कळतच नाही, आणि पाय दुखून थांबत असेल तर धाप झाकली जाते. घोट्यापाशी नाडी लागते का, हे तपासायला मिनिटभर पुरतं. पोटातली महाधमनी फुगण्याचं प्रमाणही या रुग्णांत जास्त. साठी ओलांडलेल्या, बिडी ओढलेल्या पुरुषानं पोटाची सोनोग्राफी कधी कुठल्या कारणानं केलीच, तर महाधमनीची रुंदी लिहून मागावी.

बद्री-केदारचा प्रश्न

मे महिना आला की हा प्रश्न हमखास येतो, ‘बाबांची एकदा बद्री-केदारची इच्छा आहे.’ ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे. बद्रीनाथ ३१०० मीटरच्या आसपास, केदारनाथ ३५८० च्या. तिथल्या हवेत ऑक्सिजनचा दाब खालच्याच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. धडधाकट माणसाचा ऑक्सिमीटरही नव्वदीच्या खाली-वर घुटमळतो. ज्या बाबांचा आकडा इथेच ९१ आहे, त्यांच्या फुप्फुसातल्या झाडून सगळ्या वाहिन्या तिथे एकदम आकसतील आणि उजव्या कप्प्याला तो दाब पेलावा लागेल. हेलिकॉप्टरनं जाणं हा काही तोडगा नव्हे. चालण्याचे कष्ट वाचतात, पण उंची तीच राहते, आणि शरीराला सावकाश सरावायला मिळाले असते ते दिवसही जातात. पाय सुजलेले असतील, इकोत उजव्या कप्प्यावर ताण असेल किंवा घरी ऑक्सिजन चालू असेल, तर मी सरळ नाही म्हणतो. त्यावरून रुसवे होतात.

विमानाचं तसं नाही, तिथे सोय होऊ शकते. केबिनमधली हवा जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीसारखी असते, म्हणजे सिमल्याहून थोडी विरळ. जमिनीवर बसून आकडा ९५च्या वर असेल तर सहसा अडचण येत नाही. ९२च्या खाली असेल तर विमानात ऑक्सिजन लागेल असं धरून चालावं. मधल्यांनी डॉक्टरांना विचारावं. स्वतःचा सिलिंडर बहुतेक कंपन्या नेऊ देत नाहीत, बॅटरीवर चालणारी लहान मशीन परवानगीनं नेता येते. त्यासाठी कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून काही दिवस आधी पाठवावा लागतो, आणि बॅटरी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी घ्यावी, कारण धुक्यात विमानं उशिरा सुटतात.